बिदरच्या धावपट्टीवरून व्हिएन्नाला

देवणीहून बिदर साठ-सत्तर किलोमीटरवर आहे. मधे आज कर्नाटकाची हद्द लागते; 1956 पूर्वी लागत नव्हती. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तेव्हा बिदर जिल्ह्यात होते आणि आजचा देवणी परिसरही त्यातच मोडत असे. लातूर जिल्हा तर 1982 चा. वानेरा, बाळंक्या, शेवरा अशा प्रकारांनी ओळखल्या जाणाऱ्या देवणी जनावरांनी या सगळ्या फेररचनांना कधीच जुमानलं नाही. भालकीचा शेतकरी आणि उदगीरचा शेतकरी, दोघंही देवणीला आपल्याच मातीची म्हणतात.

1948 च्या पावसाळ्यात बिदरच्या विमानतळावर रात्री परदेशी विमानं उतरत होती. सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक दुसऱ्या महायुद्धात हवाई छायाचित्रणाच्या तंत्रात नाव कमावून बसलेला. तो लँकेस्ट्रियन विमानांतून कराचीहून शस्त्रं आणून बिदर आणि वरंगळला उतरवत होता. हैदराबाद संस्थानाला समुद्र नव्हता आणि चहूबाजूंनी भारत होता, म्हणून हा आकाशमार्ग. ज्या पंतप्रधानाच्या कारकिर्दीत हे चाललं, तो ना मुरलेला राजकारणी होता, ना खानदानी मुत्सद्दी. मीर लायक अली शिक्षणाने इंजिनियर आणि पेशाने कारखानदार होते.

इंजिनियर होऊन मग परराष्ट्र खात्यात जाणं, ही आज आपल्याला नवी वाट वाटते. पेपरात फोटो येतो, गावात मिरवणूक निघते. पण देवणी-उदगीरच्या पट्ट्याचं नशीब एकदा अशाच एका इंजिनियरच्या परराष्ट्र धोरणावर टांगलेलं होतं, हे आपण विसरलो आहोत. मराठवाडा मुक्तिसंग्रामाची भाषणं दर 17 सप्टेंबरला होतात. त्यांत कासीम रझवी असतो, आणि असायलाच हवा. रझाकारांचा तो म्होरक्या लातूरचाच वकील. स्वामी रामानंद तीर्थ असतात, सरदार पटेल असतात. लायक अलींचं नाव एखाद्या वाक्यात येऊन जातं. खरं तर त्या वर्षभरात दिल्लीशी वाटाघाटी करणारा, कराचीकडे डोळे लावणारा आणि शेवटी संयुक्त राष्ट्रांच्या दारात जाणारा माणूस तोच होता.

1947 च्या ऑक्टोबरअखेरीस रझाकारांनी हैदराबादेत शिष्टमंडळाच्या सदस्यांची घरं वेढली आणि दिल्लीला जाणारा जैसे-थे कराराचा मसुदा अडवला. छत्तारीच्या नवाबांनी पंतप्रधानपद सोडलं. करार पुढे 29 नोव्हेंबरला झाला आणि त्याच सुमारास लायक अली पंतप्रधान झाले. त्याआधी ते संयुक्त राष्ट्रांत पाकिस्तानच्या शिष्टमंडळात होते. कागद, रेशीम यांसारख्या उद्योगांमध्ये त्यांचा हात होता. बिनबंदराच्या संस्थानात कारखाने उभे करून दाखवलेला हा माणूस. यंत्र परदेशातून आणायचं, माणसं तयार करायची, अडचण आली की पर्याय काढायचा, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव.

तोच अनुभव त्यांनी राज्य चालवताना वापरला, असं मला त्या काळाची कागदपत्रं आणि आठवणी वाचताना सारखं वाटत राहिलं. समुद्र नाही? पोर्तुगालकडून गोव्यातलं मुरगाव बंदर मिळतं का, याची चाचपणी हैदराबादने केली. शस्त्रं नाहीत? विमान भाड्याने घ्या. मित्र नाहीत? पाकिस्तानला वीस कोटींचे रोखे कर्जाऊ द्या. दिल्ली ऐकत नाही? सर वॉल्टर मॉन्क्टन हा इंग्रज कायदेपंडित सल्लागार म्हणून लावा. एकेक अडचण सुटी करायची, तिच्यावर एकेक उपाय बसवायचा. उपाय सुटे-सुटे पाहिले तर काही वेडगळ नव्हते. पण सगळे मिळून ज्या पायावर उभे राहणार होते, तो पायाच नव्हता: संस्थानातली बहुसंख्य प्रजा या राज्याबरोबर नव्हती आणि भोवतालचा देश थांबायला तयार नव्हता.

1948 च्या जूनमध्ये माउंटबॅटन भारत सोडून जाण्याआधी एक मसुदा तयार झाला. हैदराबादला त्यात बरंच मिळत होतं, इतकं की पटेलांनी त्याला संमती दिली ती नाखुशीनेच. निजामाने तो नाकारला. यातला किती भाग निजामाचा, किती रझवीच्या दहशतीचा आणि किती लायक अलींच्या आशावादाचा, यावर इतिहासकार भांडत राहोत. लायक अलींनी पुढे 1962 साली ‘ट्रॅजेडी ऑफ हैदराबाद’ या पुस्तकात आपली बाजू मांडली. त्यांच्या हिशेबात एक गोष्ट मात्र कायम दिसते: अजून थोडा वेळ मिळाला असता तर जमलं असतं. साइटवरचा प्रत्येक इंजिनियर हेच म्हणतो. धरणाला मुदतवाढ मिळते, कधीकधी वीस-वीस वर्षं मिळते. जूनमधला तो मसुदा पुन्हा टेबलावर आला नाही.

ऑगस्टमध्ये हैदराबादने सुरक्षा परिषदेकडे तक्रार पाठवली. मोईन नवाज जंग यांचं शिष्टमंडळ पॅरिसला पोहोचलं आणि 16 सप्टेंबर 1948 ला परिषदेत विषय निघाला. तोवर भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गमार्गे आत घुसून तीन दिवस झाले होते. दुसऱ्याच दिवशी निजामाने शस्त्रं खाली ठेवली, आठवडा उलटायच्या आत तक्रारही मागे घेतली. लायक अली नजरकैदेत गेले आणि 1950 च्या मार्चमध्ये तिथून निसटून पाकिस्तानात पोहोचले.

या फसलेल्या हिशेबाची किंमत कुणी दिली? आधी रझाकारांनी लुटलेल्या-जाळलेल्या गावांनी. आणि भारतीय फौजांच्या त्या कारवाईनंतर, म्हणजे पोलीस ॲक्शननंतर, इथल्या मुसलमानांनी. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा दिला आणि सर्वाधिक झळ लागलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड यांची नावं घेतली. तो अहवाल कित्येक दशकं बासनात होता. आजच्या लातूर-नांदेडचा नकाशा घेऊन बसलं, तर ही नावं म्हणजे आपलंच घर-अंगण आहे.

*

लायक अली मुरगाव बंदराची स्वप्नं पाहत असताना त्याच गोव्यातल्या एका सत्याग्रह्याला पोर्तुगिजांनी पकडून पोर्तुगालला धाडलेलं होतं. पुरुषोत्तम काकोडकर त्यांचं नाव. त्यांच्या पत्नी कमलाताई याही स्वातंत्र्यचळवळीतल्या. मध्य प्रदेशातल्या खरगोनला शाळा चालवून त्या मुलाला वाढवत होत्या. 1943 साली जन्मलेला तो मुलगा, अनिल, पुढे मुंबईला रुपारेल कॉलेजात आला, व्हीजेटीआयमधून 1963 साली मेकॅनिकल इंजिनियर झाला आणि दुसऱ्या वर्षी तुर्भ्याच्या अणुकेंद्रात दाखल झाला.

अनिल काकोडकरांना परराष्ट्र धोरण पहिल्यांदा भेटलं ते न आलेल्या सुट्या भागाच्या रूपात. 1974 ला पोखरणचा पहिला स्फोट झाला, काकोडकर त्या कामात होते. कॅनडाने हात काढून घेतला, तेव्हा राजस्थानात रावतभाट्याची दुसरी अणुभट्टी अर्धवट होती. अमेरिकेने 1978 च्या कायद्याने तारापूरच्या इंधनाचा मार्ग आवळला. आण्विक पुरवठादार देशांचा गट म्हणजे एनएसजी, तोही याच स्फोटाची प्रतिक्रिया म्हणून जन्माला आला. त्या पिढीतल्या इंजिनियरला आंतरराष्ट्रीय करार वाचून कळले नाहीत. व्हॉल्व्ह मिळत नाही, वेल्डिंगची तार मिळत नाही, नकाशा मिळत नाही, यातून कळले.

1980 च्या दशकाअखेरीस कल्पाक्कमच्या दोन अणुभट्ट्यांत मंदायक जड पाणी आत आणणाऱ्या मॅनिफोल्डचे भाग तुटले. भट्टी एकदा चालू झाली की तिच्या पोटात माणूस जाऊ शकत नाही, किरणोत्सार असतो. दोन्ही भट्ट्या मोडीत काढाव्या लागतील, अशी वेळ आली होती. बाहेरून मदत मागायची सोय नव्हतीच. काकोडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुरून चालवता येणारी साधनं घडवून, पाण्याचा मार्ग बदलून त्या पुन्हा चालत्या केल्या. त्याआधी मुंबईतली ‘ध्रुव’ ही संशोधन भट्टीही त्यांच्याच हाताखालून गेली होती. असं काम केलेल्या माणसाला एक सवय लागते. कोणती गोष्ट होऊ शकत नाही, हे तो आधी शोधतो.

2000 साली ते अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. 2005 च्या जुलैत मनमोहन सिंग वॉशिंग्टनला गेले, तेव्हा शिष्टमंडळात हा मेकॅनिकल इंजिनियर होता. 17 जुलैच्या रात्री बोलणी बारगळल्यात जमा होती. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री कोंडोलिझा राइस दुसऱ्या दिवशी सकाळी पंतप्रधानांच्या हॉटेलवर गेल्या, पुन्हा चर्चा झाली आणि 18 तारखेचं संयुक्त निवेदन निघालं. भारताने नागरी आणि लष्करी अणुकेंद्रं वेगळी करायची, नागरी केंद्रांवर आंतरराष्ट्रीय देखरेख घ्यायची. बदल्यात अणुव्यापाराची दारं उघडायची.

वेगळी करायची म्हणजे काय, हा प्रश्न मुत्सद्द्यांनी लिहिला आणि इंजिनियरांच्या पुढ्यात टाकला. कागदावर दोन याद्या करणं सोपं. जमिनीवर एकाच आवारात एका भट्टीचं जळालेलं इंधन दुसऱ्या टाकीत जातं, एकच पुनर्प्रक्रिया संयंत्र दोन्हीकडचा माल घेतं. कुठली वाहिनी कुठे जोडली आहे, कुठल्या दारावर परदेशी निरीक्षक बसला तर आत काय काय दिसेल, हे परराष्ट्र खात्यातल्या कुणालाही सांगता येणार नव्हतं. तारापूरचं पुनर्प्रक्रिया संयंत्र देखरेखीखालचा माल आला की तेवढ्यापुरतं देखरेखीखाली जाईल, असा तोडगा निघाला. तुर्भ्याची ‘अप्सरा’ भट्टी हलवायची आणि ‘सायरस’ 2010 मध्ये बंद करायची ठरली.

खरी ओढाताण झाली फास्ट ब्रीडर भट्ट्यांवर. भारताकडे युरेनियम थोडं आणि थोरियम भरपूर. होमी भाभांनी आखलेल्या तीन टप्प्यांच्या कार्यक्रमात ब्रीडर हा मधला दुवा. अमेरिकेला त्या देखरेखीखाली हव्या होत्या. 2006 च्या फेब्रुवारीत काकोडकरांनी ‘इंडियन एक्स्प्रेस’ला मुलाखत देऊन जाहीर सांगितलं की ते देशाच्या हिताचं नाही. वाटाघाटी चालू असताना अणुऊर्जा आयोगाच्या अध्यक्षानेच वर्तमानपत्रात असं बोलावं, यावर दिल्लीत भुवया उंचावल्या. पण 2 मार्चला बुश दिल्लीत असताना जो आराखडा जाहीर झाला, त्यात बावीसपैकी चौदा अणुभट्ट्या देखरेखीखाली गेल्या आणि कल्पाक्कमच्या ब्रीडर बाहेर राहिल्या.

पुढचं राजकारण सर्वांना आठवत असेल. डाव्यांनी पाठिंबा काढला, 22 जुलै 2008 ला लोकसभेत 275 विरुद्ध 256 अशी कसोटी पार पडली, 1 ऑगस्टला व्हिएन्नात आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मंडळाने देखरेखीचा करार मान्य केला आणि 6 सप्टेंबरला तिथेच एनएसजीच्या पंचेचाळीस देशांनी भारताला सूट दिली. त्या काळात आपल्या भट्ट्या इंधनाअभावी जेमतेम निम्म्या क्षमतेने चालत होत्या. 30 सप्टेंबरला पॅरिसमध्ये फ्रान्सबरोबर करार झाला. फ्रान्सतर्फे सही केली परराष्ट्रमंत्री बर्नार कुश्नेर यांनी. भारतातर्फे सही होती अनिल काकोडकरांची.

ब्रीडरच्या प्रश्नावर काकोडकर अडून बसले, हीच मला त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी परराष्ट्र-कामगिरी वाटते. सह्या कुणीही करतं. करार व्हावा असं पंतप्रधानांना मनापासून वाटत असताना, इथून पुढे जाता येणार नाही, हे सांगायला ज्ञान लागतं आणि खुर्चीची फिकीर नसावी लागते. लायक अलींच्या मंत्रिमंडळात निजामाला असं सांगणारा इंजिनियर असता तर? तिथे इंजिनियरच ‘होईल, होईल’ म्हणत होता.

पण काकोडकरांचीही आरती ओवाळून थांबता येत नाही. 2011 च्या जानेवारीत त्यांनी ‘सकाळ’मध्ये लेख लिहिला. निर्बंध उठवण्यासाठी अमेरिका, रशिया आणि फ्रान्स यांनी मध्यस्थी केली, त्यांच्या व्यापारी हिताचाही विचार करून अणुप्रकल्पांचे करार करावे लागले, असं त्यात त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातलं जैतापूर हे निव्वळ विजेच्या गरजेतून आलेलं नव्हतं. व्हिएन्नात मिळालेल्या सवलतीचं ते देणं होतं. माडबनच्या शेतकऱ्याने जमीन देताना आणि साखरी नाट्याच्या कोळ्याने समुद्राची काळजी करताना या हिशेबाचा भाग होण्याची परवानगी कधी दिली होती? त्याच वर्षी मार्चमध्ये फुकुशिमा झालं, एप्रिलमध्ये साखरी नाट्याला आंदोलनात पोलिसांच्या गोळीने एक जण गेला. 1650 मेगावॉटच्या सहा भट्ट्या, एकूण 9900 मेगावॉट, हा आकडा तेव्हापासून कागदावरच आहे. इंजिनियर मुत्सद्दी झाला की त्याला मुत्सद्द्याचे दोषही चिकटतात.

*

आता देवणीकडे. इथल्या हुशार पोराची वाट ठरलेली असते. दहावीला नव्वदच्या वर गेला की उदगीर नाहीतर थेट लातूर. शाहू कॉलेज, दयानंद कॉलेज, ट्युशन एरियातली खोली, डब्याचा मेस. लातूर पॅटर्न डॉक्टर आणि इंजिनियर घडवतो. नांदेडला विष्णुपुरीच्या श्री गुरु गोबिंदसिंहजी इन्स्टिट्यूटला नाहीतर पुणे-मुंबईला नंबर लागतो. चार वर्षांनी कळतं की कॅम्पसमधून मिळालेला पगार पुण्याच्या भाड्यात जातो. मग सदाशिव पेठेतली अभ्यासिका, ऐपत असेल तर दिल्लीचं ओल्ड राजेंद्र नगर. प्रिलिम, मेन्स, अटेम्प्ट. घरी आई-वडिलांना कलेक्टर माहीत असतो, एसपी माहीत असतो. राजदूत हा प्राणी त्यांनी कधी पाहिलेला नसतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुललाटच्या ज्ञानेश्वर मुळ्यांनी भारतीय विदेश सेवेत जाऊन ‘माती, पंख आणि आकाश’ लिहिलं, तेव्हापासून खेड्यातल्या मराठी मुलांच्या यादीत ही सेवा जरा वर सरकली. मुळे इंजिनियर नव्हते.

परीक्षेची गंमत अशी की ती इंजिनियरला आत घेते आणि इंजिनियरिंग बाहेर ठेवायला लावते. 2023 साली संसदीय समितीने नोंदवलं की नागरी सेवांत निवडल्या जाणाऱ्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक तांत्रिक शाखांचे असतात. यातले बरेच जण वैकल्पिक विषय घेतात राज्यशास्त्र, समाजशास्त्र, आपल्याकडचे मराठी साहित्य. थर्मोडायनॅमिक्स शिकलेला मुलगा ज्ञानेश्वरीवर प्रश्नोत्तरं लिहून राजदूत होण्याच्या रांगेत उभा राहतो. मला यात वाईट काही वाटत नाही, ज्ञानेश्वरी वाचलेला राजदूत केव्हाही चांगला. पण विदेश सेवेत आल्यावर मसुरी, दिल्लीची प्रशिक्षण संस्था, एक परदेशी भाषा आणि मग दर तीन वर्षांनी नवं टेबल: व्हिसा, व्यापार, सांस्कृतिक मंडळ. त्याच्या पदवीचा प्रश्न पुन्हा कुणी विचारत नाही.

आणि नेमकं याच काळात परराष्ट्र धोरण यंत्रांवर येऊन ठेपलं आहे. चिप, ड्रोन, उपग्रह, समुद्राखालच्या केबल. कोणता माल कुणाला विकायचा, कुणाकडून काय घ्यायचं, याच्या याद्या तांत्रिक भाषेत लिहिलेल्या असतात. भारत 2016 मध्ये क्षेपणास्त्र तंत्रज्ञानाच्या गटात, 2017 मध्ये वासेनार गटात, 2018 मध्ये ऑस्ट्रेलिया गटात गेला. एनएसजीचं सदस्यत्व चीनमुळे अजून अडलेलं आहे. परराष्ट्र मंत्रालयाने 2020 मध्ये नव्या तंत्रज्ञानासाठी वेगळा विभाग काढला. इस्रो वॉशिंग्टन आणि पॅरिसला स्वतःची माणसं कधीपासून ठेवते. अणुऊर्जा खात्याचे रवी ग्रोव्हर, हेही इंजिनियर, अमेरिकेबरोबरच्या सगळ्या बोलण्यांत बसले होते. म्हणजे दुसरी वाट आहे: आपलं काम सोडायचं नाही, त्या कामात इतकं खोल जायचं की एक दिवस देशाला तुम्हाला टेबलावर बसवावंच लागेल. तिला क्लास नाही, टेस्ट सिरीज नाही, वयाची अट नाही. म्हणून ती लातूरच्या फ्लेक्सवरही नाही.

पण ती मराठवाड्यातूनच जाते. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा व्हायची आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन निर्वात नळ्या काटकोनात, त्यांतून लेझरचा किरण, आणि अब्जावधी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं आदळली की त्या नळीच्या लांबीत होणारा प्रोटॉनहूनही कमी फरक मोजायचा. अमेरिकेकडे तिसऱ्या उपकरणाचे भाग तयार होते. आधी ते ऑस्ट्रेलियाला देऊ केले होते, तिथे पैसे जमले नाहीत. 2012 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान मंडळाने ते भारतात नेण्याची वाट मोकळी केली. 31 मार्च 2016 ला वॉशिंग्टनमध्ये पंतप्रधानांच्या उपस्थितीत सामंजस्य करार झाला. भारतातर्फे सही केली अणुऊर्जा आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष शेखर बसू यांनी. ‘अरिहंत’ पाणबुडीची अणुभट्टी घडवणारे बसू मेकॅनिकल इंजिनियर, तेही व्हीजेटीआयचेच. एप्रिल 2023 मध्ये मंत्रिमंडळाने 2600 कोटींची अंतिम मंजुरी दिली.

औंढ्याला आता नळ्या बसवायच्या, आरसे टांगायचे, पंप लावायचे. यातल्या कितीतरी वस्तूंना अमेरिकेचा निर्यात परवाना लागेल, कुणाला शेवटचा वापरकर्ता कोण याचं हमीपत्र लागेल, कुठली पेटी मुंबईच्या कस्टममध्ये अडेल. त्या हमीपत्राचा मसुदा जो करेल, त्याला निर्वात कक्षाची गळती किती असली तर चालते हेही ठाऊक हवं आणि परवान्याच्या यादीतला कोणता नियम कुठे लागतो हेही. देवणीहून नांदेडमार्गे औंढा काही फार लांब नाही.